रशीदभाई, सुदामचा सौदा कुणी केला?

रशीदभाई, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस गेला की राग त्याच्याबरोबर पुरून टाकावा, असं शहाणी माणसं सांगतात. भिंगारच्या कबरस्तानात तुमच्यावर माती लोटताना मी तसा प्रयत्न केला. जमलं नाही. घरी आलो, अंघोळ केली, पानावर बसलो आणि पहिल्याच घासाला बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, "ओरडायचं रशीदभाईंवर आहे. ते सापडत नाहीत म्हणून माझ्यावर कशाला?" तिला कळतं. मग ठरवलं, जे बोलायचं ते तुमच्याशीच बोलावं, आणि तुमचा चाळिसावा व्हायच्या आत बोलून घ्यावं.

तुम्ही फौजेत किती वर्षं होतात, कुठं कुठं होतात, ते दुसरं कुणी लिहील. मला आपल्या भांडणाविषयी लिहायचं आहे. दोन वर्षं ते तसंच अर्धवट पडून होतं, आणि तुम्ही मधूनच उठून गेलात.

आपली ओळख एका लंगडणाऱ्या पायावरून झाली, आठवतं? मी बैलांचा व्यापारी. लोक हेडी म्हणतात आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. मिरजगावला दुसऱ्यांचे बैल बाजारात हाकत न्यायचो, तिथून सुरुवात. पुढं लष्कराच्या छावणीला गवत पुरवायचा ठेका मिळाला. गाड्या खाली होईपर्यंत मैदानाच्या कडेला बसून जवानांची हॉकी बघायचो. तुम्ही शिट्टी गळ्यात अडकवून त्यांना पळवत होता. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी तुम्हाला हाक मारून म्हणालो, हवालदारसाहेब, तो कडेचा उंच गडी उजवा पाय चोरतोय, आतून दुखतंय त्याचं. तुम्ही खेळ थांबवून त्याचा बूट काढायला लावला. टाच फाटून मोजा रक्तानं चिकटला होता आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "शेठ, तुम्ही इथं गवतात काय करताय?" माझ्या डोळ्याची किंमत करणारा पहिला शिकलेला माणूस तुम्ही. त्या एका वाक्यावर मी तुमच्यासाठी पुढं काय काय केलं, ते बोलून दाखवत नाही.

तुम्ही निवृत्त झालात आणि आपण संघ काढला. स्टिका, जर्सी, येण्याजाण्याचा एसटीचा खर्च माझ्याकडं, पोरं तुमच्याकडं. मी शेठचा अण्णा झालो. पाच वर्षांत आपण जिल्ह्यात कुणालाही भारी पडायला लागलो. फक्त जिल्हा स्पर्धेची ढाल मिळत नव्हती. दर वर्षी अंतिम सामन्यात साखर कारखान्याचा संघ आडवा यायचा. त्या ढालीसाठी मी वेडा झालो होतो हे खरं. पण तुम्हीही झाला होतात. भाभींनी तुमच्या घरातल्या मांडणीवरची मधली जागा ढालीसाठी मोकळी करून ठेवली होती, ती काही माझ्या सांगण्यावरून नव्हे.

शमुवेलचं तेव्हाच झालं. आपला सेंटर हाफ. रेल्वेनं त्याला बोलावलं, खेळायचं आणि नोकरीही. आपल्याकडचा नियम असा की एका संघात नाव नोंदलं की त्या संघानं लिहून दिल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडं जाता येत नाही. पोरं त्या कागदाला सोडचिठ्ठी म्हणायची. शमुवेल सोडचिठ्ठी मागायला आला आणि मी दिली नाही. उभा हंगाम समोर होता. तुम्ही दोनदा माझ्याकडं आलात. एकदा एकटे आलात, एकदा त्याच्या आईला घेऊन. मी म्हणालो, हंगाम संपू द्या, मग देतो. हंगाम संपला तेव्हा रेल्वेची जागा भरली होती. तुम्ही त्यावर मला एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला पटलं. तुमचं गप्प बसणं म्हणजे काय असतं, हे मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. बैलाचं गप्प राहणं मी बरोबर ओळखतो.

मग तुम्ही सुदामला आणलंत.

पाथर्डीला शाळांचे सामने होते. तिथून परतताना तुम्हाला एका वस्तीवर बाभळीच्या वाकड्या फांदीनं चिंध्यांचा चेंडू मारणारा पोरगा दिसला. वय अठरा-एकोणीस. आईबाप सहा महिने ऊसतोडीला, हा कधी त्यांच्याबरोबर, कधी मागं म्हातारीजवळ. तुम्ही त्याला घरी आणून पुढच्या खोलीत ठेवलंत. भाभी सांगायच्या, पहिला आठवडा तो ताटात वाढलं तेवढंच खायचा, मागायचा नाही, आणि एके दिवशी त्यांनी भाकरीची अख्खी चळत त्याच्यापुढं ठेवली तेव्हा ती संपवून रडला. तुम्ही मला म्हणालात, "अण्णा, असा पाय मी पलटणीतसुद्धा बघितला नाही." मी मैदानावर येऊन त्याला चालताना बघितलं. खांदा, कंबर, पोटऱ्या बघितल्या. तुमचं खरं होतं. मीच म्हणालो, घ्या.

आणि तो हंगामभर चालला नाही.

तुम्ही त्याला लेफ्ट आऊटला उभं केलंत, डावीकडच्या अगदी कडेला. चेंडू मिळाला की तो रेषेनं पुढं जायचाच नाही. चार पावलं टाकली की आत दाबायचा, आपल्याच माणसांच्या अंगावर जायचा. चेंडू आत द्यायची वेळ आली की सगळं अंग फिरवायला लागायचं, तोवर समोरचा येऊन चेंडू घेऊन जायचा. प्रेक्षक हसायचे. मी कडेला बसून आतल्या आत जळायचो. तुम्हाला म्हणायचो, याला बदला. तुम्ही म्हणायचात, "सबुरीनं घ्या. शिकेल." पुढच्या सामन्याला परत तो डावीकडंच उभा.

रशीदभाई, मी जन्मभर बैल विकले. जोडीत डाव्या अंगाचा बैल वेगळा आणि उजव्या अंगाचा वेगळा, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. उजव्या अंगाला चाललेला बैल डावीकडं जुंपा, तो आत दाबत राहतो, जू सरकतं, गाडी वाकडी जाते. अडाणी गिऱ्हाईक म्हणतं, बैल अंगचोर आहे. अशा गिऱ्हाइकांना मी हसत आलो. त्यांच्याकडून असे बैल पडेल भावानं घ्यायचे, बाजू बदलायची आणि पुढच्या बाजारात विकायचे, निम्मा संसार मी त्यावर उभा केला. आणि माझ्या डोळ्यांपुढं सगळा हंगाम एक पोरगा आत दाबत होता आणि मी म्हणत होतो, अंगचोर आहे. माणसाच्या बाबतीत माझ्या ते डोक्यातच आलं नाही. हॉकी हा तुमचा प्रांत, तिथं तुम्ही ठेवाल ती बाजू बरोबर, असं मी धरून चाललो होतो. माझी चूक एवढीच, की मी तुमच्यावर विश्वास ठेवला.

एका सामन्यात त्यानं रिकाम्या गोलासमोर चेंडू घालवला. मी उठून मैदानात गेलो. तुम्ही माझा दंड धरलात, मी सोडवून घेतला. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "तुझी जागा इथं न्हाई. जा, कोयता घे आन् उसाच्या फडात जाऊन मर." त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. चिडून नाही, रडूनही नाही. एखादी गोष्ट आधीच माहीत असलेला माणूस बघतो तसं. ती नजर मला तेव्हा कोडगेपणाची वाटली. त्या दिवशी मी तुम्हाला सांगून टाकलं, हा पोरगा मी काढणार.

आठ दिवसांनी कारखान्याच्या संघाचे व्यवस्थापक निंबाळकर मिरजगावच्या बाजारात आले. बैल बघायला आलोय म्हणाले. तुम्हीही आला होतात. तुम्ही बाजारात कधी येत नव्हता, शेणामातीनं बूट खराब होतात म्हणून. त्या दिवशी आलात. मला त्यात काही खटकलं नाही, कारण मी मनात माझा सौदा जुळवत होतो. त्यांच्याकडं बचावाला उभा राहणारा एक जुना, पक्का फुलबॅक होता. मला तो हवा होता. बैल बघता बघता मी विषय काढला. निंबाळकर म्हणाले, बदल्यात कोण? मी म्हणालो, सुदाम.

ते शेतकऱ्याच्या घरचे, त्यांना आमची रीत माहीत होती. मी उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं. फुलबॅक तर ठरला, वर स्टिका किती, ते बोटांवर. मी चार बोटं दाबली. त्यांनी लगेच चार दाबली. मी मनात म्हणालो, माणूस कच्चा आहे, आणि गोलकीपरचे पॅड तोंडानं मागितले. तेही कबूल. एवढ्या सहज गिऱ्हाईक हो म्हणतं तेव्हा खरा हेडी थांबतो आणि आपण काय विकतोय ते पुन्हा एकदा बघतो. मी थांबलो नाही. उलट आमच्या धंद्याच्या इमानाप्रमाणं खोडसुद्धा सांगितली. म्हणालो, साहेब, फसवून देत नाही, पोरगा अंगचोर आहे. निंबाळकरांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही एका खिलारी बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता आणि त्याच्या वशिंडाकडं असं निरखून बघत होता, जणू त्यावर काही लिहिलं आहे. मी म्हणालो, रशीदभाई, तुमचं काय म्हणणं? तुम्ही म्हणालात, "सौदा तुमचा आहे, अण्णा."

मी तिथंच सोडचिठ्ठीवर सही केली. एसटीत येताना मी तुम्हाला भेळ घेतली आणि वाटभर माझंच कौतुक मी तुम्हाला ऐकवलं. तुम्ही भेळ मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होता.

पुढच्या वर्षीचा अंतिम सामना सांगण्यासारखा नाही, पण सांगतो. कारखान्यानं सुदामला उजवीकडं उभं केलं. राइट आऊट. पहिल्याच चेंडूला तो रेषेनं सुटला आणि मला खालपासून वरपर्यंत कळलं. पळता पळता, अंग न फिरवता, तो चेंडू आत देत होता, जसा उजव्या अंगाचा बैल उजवीकडं जुंपल्यावर मान खाली घालून गाडी ओढतो. मी घेतलेला तो पक्का फुलबॅक त्याच्यामागं धापा टाकत होता. दोन विरुद्ध एकनं आपण हरलो. एक गोल त्याचा, दुसरा त्यानं दिलेल्या चेंडूवर. सामना संपल्यावर तो माझ्या पाया पडायला आला. मी पाय मागं घेतले.

तिथून सरळ तुमच्या घरी. तुम्ही ओट्यावर बूट काढत बसला होता. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही म्हणालात, "माहीत होतं." खोटंसुद्धा बोलला नाहीत. मी म्हणालो, मग बाजारात तोंड का शिवलं होतं तुमचं? तुम्ही भाभींना चहा टाकायला सांगितलात. मी म्हणालो, चहा गेला खड्ड्यात, माझ्या धंद्यात माहीत असून न सांगणाऱ्याला चोर म्हणतात. तेव्हा तुम्ही मान वर केलीत.

"अण्णा, डावा-उजवा ओळखायला तुम्ही मला कधीपासून विचारायला लागलात?"

एवढंच. मी निघून आलो. नंतर दोन वर्षं आपण संघ चालवला, एका गाडीनं सामन्यांना गेलो, ईदेला तुमच्याकडचा शीरखुर्मा आला, दिवाळीला आमच्याकडचा फराळ गेला. पण तुम्ही का गप्प बसलात, हे ना मी पुन्हा विचारलं ना तुम्ही सांगितलं. मी म्हणत होतो, चूक त्यांची, बोलतील ते. तुम्ही काय म्हणत होतात, कोण जाणे. माझ्या मनात सतरा शंका येऊन गेल्या. कारखान्यानं तुम्हाला काही दिलं का, इथपर्यंत माझी बुद्धी गेली. तुमच्या घरात नवीन काही आलंय का, हे मी येताजाता बघत होतो. काही आलं नव्हतं. सायकलसुद्धा तीच. हे मी तुम्हाला आज सांगतोय, कारण तुम्ही माझ्यापासून जे लपवलं त्यापेक्षा हे जास्त हलक्या मनाचं आहे.

मग हा दुष्काळ आला. बाजारात बैल आहेत आणि घेणारा नाही. दावणीचा बैल दहा कोसांवरून चालवत आणून माणसं म्हणतात, अण्णा, काय द्यायचं ते द्या, फक्त त्याला चारा घाला. पाथर्डीकडं तर गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यांवर बसली आहेत. तुम्ही मैदानावर यायचे थांबलात. मला वाटलं, उन्हामुळं. छातीचं दुखणं तुम्ही माझ्यापासूनही लपवलंत. चालताना दर थोड्या अंतरावर थांबून बुटाची नाडी बांधत होता, ती सैल होत नव्हती, हे मला आता कळतं. पहिल्या दिवशी एका जवानाची टाच मी लांबून ओळखली होती.

तुमच्या तिसऱ्या दिवशी सुदाम आला. दफनाला पोचू शकला नव्हता, कारखान्यावरून एसटी चुकली. आता अंगानं भरलाय, मिशी ठेवलीये. फातिहा झाल्यावर माणसं पांगली. तो ओट्यावर माझ्याशेजारी, जरा अंतर ठेवून बसला. मला राहवलं नाही. तुमच्या दारात, तुमच्या तिसऱ्याला, मी त्याला म्हणालो, तुझ्या चाचांनी तुला माझ्या हातून विकू दिलं आणि शब्द काढला नाही, एवढं लक्षात ठेव. तो पायाकडं बघत म्हणाला, "अण्णा, चाचांनी इकू दिलं न्हाई. चाचांनीच इकायला लावलं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. त्यानं एकेक करून सांगितलं. कारखान्यात रखवालदाराची कायम जागा होती, राहायला खोलीसकट, पण राइट आऊट खेळणाऱ्यासाठी, आणि सोडचिठ्ठी आणली तरच. निंबाळकरांनी तुम्हाला ते हंगाम सुरू होताना सांगितलं, तेव्हा माझ्या होकारानं त्याचं नाव आपल्याकडं नोंदून झालं होतं. तुम्ही सुदामला रोज सकाळी नाल्यापलीकडच्या माळावर नेऊन उजवीकडून खेळवत होता. आणि सामन्याला मुद्दाम डावीकडं उभं करत होता.

"म्या एकदा लई रडलो," सुदाम म्हणाला. "म्हनलो, चाचा, मला घरी जाऊ द्या, लोक हसत्यात. चाचा म्हनले, एवढा हंगाम शिव्या खा. अण्णा चांगला बैल कुनाला देत न्हाईत."

म्हणजे त्या दिवशी मैदानात मी त्याला कोयता घ्यायला सांगितलं तेव्हा त्याच्या नजरेत ते होतं. त्याला माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं. निंबाळकरांनाही होतं. मिरजगावच्या भर बाजारात, माझ्या उपरण्याखाली, मला सोडून सगळ्यांना माहीत होतं काय चाललंय.

मी उठलो. चपला सापडेनात. भाभी आतून सगळं ऐकत होत्या. दाराशी येऊन म्हणाल्या, "अण्णा, त्या दिवशी बाजारातून आले ते जेवले नाहीत. म्हणाले, अण्णाला फसवून आलो. नंतर दोनदा तुमच्या गोठ्यापर्यंत जाऊन परत आले." मी विचारलं, परत का आले? त्या म्हणाल्या, "म्हणायचे, सांगितलं तर अण्णा पोराच्या नोकरीच्या आड येईल."

रशीदभाई, हे मला फार लागलं. तुम्ही मला फसवलं त्यापेक्षा हे जास्त लागलं. सही होऊन गेल्यावर, ढाल हातची गेल्यावर, वर्ष उलटल्यावरही मी पोराच्या पोटावर पाय देईन, असं तुम्हाला वाटत होतं. आणि मी चार दिवस स्वतःला विचारतो आहे, दिला नसता का? पहिल्या रागात मी निंबाळकरांच्या दारात जाऊन तमाशा केला असता. सौदा फसवून झाला म्हणून जिल्ह्याच्या हॉकी संघटनेकडं अर्ज टाकला असता. टाकला असताच. मला मी माहीत आहे. तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं.

शमुवेलच्या वेळी तुम्ही मला विचारून बघितलं होतं. म्हणून सुदामच्या वेळी विचारलं नाहीत. हे सगळं मला समजतं. तरी माझी तक्रार आहे, आणि ती तुम्ही ऐकून घ्या. एकदा विचारायचं होतं. मी नाही म्हटलं असतं. मग खुशाल फसवायचं होतं. पण न विचारता तुम्ही ठरवून टाकलं की या माणसापाशी सौदा सोडून दुसरं काही नाही. आणि तुमचा डाव जमावा म्हणून त्या पोराला तुम्ही माझ्या तोंडून हंगामभर शिव्या खाऊ घातल्या. त्या शिव्या माझ्या होत्या, कबूल. पण त्या काढायला जागा तुम्ही करून दिलीत. त्याचा जाब मी मागणार. पुढं कधी भेटलोच तर आधी तो मागणार, मग गळाभेट.

आणि दुसरंही लिहितो, नाहीतर हे लिहिणं लबाडीचं होईल. या दुष्काळात सुदामची आई खडी फोडायला गेली नाही. कारखान्याच्या खोलीत ती आणि त्याचा बाप सावलीला आहेत. वस्तीवरची बाकी घरं कुलपं लावून रस्त्याच्या कामावर गेली, असं तो सांगत होता. ती ढाल तुम्हालाही हवी होती. पोरगं उजवीकडं खेळवलं असतं तर त्याच वर्षी ती तुमच्या मांडणीवर आली असती. तुम्ही ती सोडलीत, आणि दोन वर्षं माझ्यासारख्याचं तोंड बघत गप्प राहिलात. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पुष्कळ बघितले. ज्यात विकणारा, घेणारा आणि विकला जाणारा तिघांचंही भलं झालं असा हा एकच, आणि त्यात माझी अक्कल कवडीचीही नव्हती. माझंही भलं झालं असं म्हणतो, ते नुसता फुलबॅक मिळाला म्हणून नव्हे. शमुवेलनंतर आणखी एका पोराची हाय माझ्या माथी लागायची होती, ती तुम्ही चुकवलीत.

सुदाम निघताना म्हणाला, रविवारी त्याला सुट्टी असते. सकाळच्या एसटीनं येईल, पोरांना शिकवील, संध्याकाळी परत जाईल. चाचांचं काम आहे, बंद पडायला नको. मी सवयीनं विचारलं, काय घेशील? तो म्हणाला, पैसे नकोत. एक शब्द पाहिजे.

"ज्याला जायाचं आसंल, त्याला जाऊ द्यायचं, अण्णा. मागंल त्या दिवशी."

मी तोंड उघडलं. निदान हंगाम संपेपर्यंत तरी, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तो माझ्याकडं बघत उभा होता. त्याच्या हातात एसटीत खायला भाभींनी बांधून दिलेली भाकरी होती. मी म्हणालो, "बरं."

रशीदभाई, मी घासाघीस केली नाही. समोरच्यानं मागितलं तेवढं, मागितलं तसं, पहिल्या शब्दाला दिलं. भाभी साक्षीला आहेत. तुम्हाला कुणी जाऊन हे सांगितलं असतं तर तुम्ही मान हलवून म्हणाला असता, नाही, अण्णा असं करणार नाही. तुम्ही विश्वास ठेवला नसता. आणि तो ठेवायला लावायची वेळ आता माझ्या हातात राहिली नाही.